मरीचीखालचा पूल

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार

आज ग्रहण. दुपारपासून नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्यात संचारबंदी लागल्यासारखी सामसूम होती. छप्पन साली याच लोकांनी माझ्या शेजारी उभं राहून दीक्षा घेतली, बावीसच्या बावीस प्रतिज्ञा मोठ्या आवाजात म्हटल्या. आणि आज शेजारच्या यमुताईंनी गरोदर सुनेला खोलीत बसवून दाराच्या फटीत गोधडी कोंबली. मी अंगणात दुर्बीण लावून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचं बिंब पाडलं आणि गल्लीला हाका मारल्या. बघायला आली एक बकरी. यमुताई आतून ओरडल्या, "शालिकरामजी, डोळे जातीन ना जी तुमचे!"

मी म्हटलं, "माह्ये डोळे गिधाडाचे आहेत. तुमी आपली गोधडी सांभाळा."

आजपासून ही वही लिहायची ठरवलं आहे. उद्या मी मेलो तर वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. मी शालिकराम गजभिये, वय एक्कावन्न, कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. सत्तावीस वर्षं प्राध्यापकांना भिंगं पुसून देतो आहे. बहिर्वक्र कोणतं आणि अंतर्वक्र कोणतं हे त्यातल्या निम्म्यांना हळूच कानात सांगावं लागतं. अंगणातली दुर्बीण माझ्या हातची आहे. आठ इंची आरसा चौदा महिने घासला.

घरात आम्ही दोघंच. जयवंता, माझी बायको, रिटचिंगचं काम करते. जरीपटका वस्तीतल्या स्टुडिओतून निगेटिव्हांचा डबा येतो आणि ही खिडकीशी बसून, अणकुचीदार पेन्सिल आणि बारीक सुरी घेऊन, नवरीच्या गालावरचे वण घालवते, सासऱ्याचं टक्कल मऊ करते. बावीस वर्षं हे चाललं आहे. खोटेपणाचा कुटीरोद्योग! मी आकाशातलं खरं शोधतो आणि माझ्याच खिडकीत ही माणसांचं खोटं रंगवते. तिला तसं म्हटलं की म्हणते, "चहा थंडा होऊन राहिला."

२४ फेब्रुवारी, रविवार

आकाशमित्र मंडळाची सभा झाली. अध्यक्ष मनोहरराव हे वकील. त्यांच्या परदेशी दुर्बिणीच्या नळीवरचं प्लास्टिक दोन वर्षांत निघालेलं नाही. आज त्यांनी पडद्यावर परदेशी वेधशाळेतलं एक चित्र दाखवलं आणि सगळ्यांनी लग्नात आहेर पाहतात तसं "वा, वा" केलं.

चित्र मात्र खरंच मोठं आहे. सप्तर्षींच्या शेपटीत सगळ्यात शेवटचा तारा मरीची. त्याच्या जरा खाली एक धुरकट ठिपका आहे. बऱ्या दुर्बिणीतून पाहिलं तर एकाचे दोन होतात: एक मोठी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं ताऱ्यांचं बेट, आणि एक लहान. दोघी एकमेकींजवळून गेल्या, तेव्हा त्यांच्या ओढाताणीत मोठीचा एक हात लांबला आणि लहानीपर्यंत पोचला. त्या लांबलेल्या हाताला पूल म्हणतात. ठिपके कोणीही काढील. पूल काढणं हे काम आहे.

मनोहरराव म्हणाले, "हा पूल नागपुरातून फोटोत उतरणार नाही. मरीची उत्तरेला, कोराडीही उत्तरेला. त्या बिजलीघराच्या उजेडात तो धुऊन जाईल. लिहून घ्या."

मी उठून म्हटलं, "पावसाळ्याच्या आत उतरवून तुमच्या या भिंतीले लावतो. तुमीच लिहून घ्या."

लोक हसले. ज्याला चंद्रही सरळ काढता येत नाही आणि वर कॅमेऱ्यालाच दोष देतो, असा एक सदस्य सगळ्यात जास्त हसला. नाचता येईना अंगण वाकडं! अशांचीच मंडळात भरती.

१५ मार्च, शनिवार

उद्या अमावास्या. कालपासून कामाला लागलो आहे. ही दीर्घिका रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येते आणि जग घोरत असतं, हे बरं आहे.

रीत लिहून ठेवतो. आकाश फिरतं, म्हणून दुर्बीणही त्याच गतीने फिरवावी लागते. त्यासाठी जुन्या ग्रामोफोनची चावीची मोटर बसवली आहे. ती अधूनमधून मागे पडते. म्हणून मोठ्या नळीला एक लहान दुर्बीण जोडली आहे, तिच्यात कोळ्याच्या जाळ्याच्या दोन धाग्यांची फुली. जवळचा एक तारा त्या फुलीवर धरायचा आणि तो हलला की बोटाने चकती फिरवून त्याला परत आणायचा. तासभर. तारा सुटला की निगेटिव्हवर सगळ्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. याला डोळा लागतो, आणि तो डोळा नागपुरात एकाकडेच आहे.

रात्री मात्र तारा केसाळ दिसला. टोकदार ठिपक्याऐवजी कापसाचं बोंड, आणि फुलीचे धागे त्यात बुडालेले. सगळा कोराडीचा प्रताप. हवेत राख किती असेल याचा हिशोब कोणी ठेवतं का? भिंग तीनदा पुसलं. तरी चाळीस मिनिटांची दोन चित्रं घेतली. जयवंता उगाच आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी खुर्चीशी बसून होती. दोनदा म्हणाली, "मी पाहू का जी थोडं?" मी म्हटलं, "हे नवरीचे गाल नाहीत वं."

१६ मार्च, रविवार

निगेटिव्ह धुणं तिच्याकडे असतं, कारण मोरीत रात्री अंधार करून रसायनं कालवायला तिचा हात बसलेला आहे. तेवढं श्रेय देतो. सकाळी मी पाहायला मागितली तर म्हणाली, "ओली आहेत. तुमी झोपा. दुपारी देते."

दुपारी दिली. तारे गोल! सुईने टोचल्यासारखे. राखेतून, मागे पडणाऱ्या मोटरीतून, गोल तारे. दोन्ही दीर्घिका आल्या आहेत, पूल नाही. वेळ कमी पडला. पुढच्या अमावास्येला तास धरीन.

२३ मार्च, रविवार

मार्चचं चित्र मोठं करून मंडळात नेलं. मनोहररावांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "तारे काय गोल ठेवले हो गजभियेजी! हाताने धरून एवढं होत नाही." भिंतीवर लावलंसुद्धा. त्यांची स्तुती म्हणजे वकिलाची स्तुती, तिच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी असतंच. ते होतंच: "पण पूल नाही आला. नाही ना?"

घरी येताना सायकल गटाराच्या कडेला घसरली. महापालिकेने दिवे लावायचे कुठे हे ठरवायला बहुतेक आंधळा नेमला आहे.

२ एप्रिल, बुधवार

वर्तमानपत्रवाले हल्ली शाईत पाणी घालतात. अक्षरं पुसट. मी तसं म्हणालो तर जयवंताने पेपर घेतला आणि सगळा मोठ्याने वाचून दाखवला, जाहिरातींसकट. विचारलं तर म्हणे, "मलेच वाचायचा होता."

आणखी एक. अंगणातल्या पायऱ्यांच्या कडेला तिने चुन्याची जाड रेघ मारली आहे. विचारलं तर म्हणाली, मुंग्यांसाठी. मुंग्या चुन्याला भितात हे कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे? हसलो आणि सोडून दिलं. बायकांच्या डोक्यात शास्त्र घालायला गेलं की जेवायला उशीर होतो.

५ एप्रिल, शनिवार

चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. पोरसवदा डॉक्टर. डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाला, उजव्यात मोतीबिंदू आहे, डाव्यातही सुरू आहे. मी म्हटलं, काढून टाका. तर म्हणतो, "अजून कच्चा आहे. पिकू द्या. पुढल्या हिवाळ्यात पाहू."

मोतीबिंदू काय आंबा आहे, गवतात घालून पिकवायला? एक्कावन्नाव्या वर्षी कोणाला मोतीबिंदू होत नाही. त्याच्या बॅटरीचे सेल उतरलेले होते, मी स्वतः पाहिलं, उजेड पिवळा पडत होता. फी देऊन आलो. घरी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. आज दुर्बिणीवरची चादर काढली नाही. रात्रभर इंदोऱ्यात दिवाळीपेक्षा जास्त उजेड, आणि तो असावाच. माझ्या मरीचीला आज कोणी विचारणार नाही. मिरवणुकीत घोषणा देऊन घसा बसला. एवढा एकच दिवस असा आहे की त्यावर माझ्याकडून वाईट शब्द निघत नाही. जयवंता पांढऱ्या लुगड्यात होती. गर्दीत तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता, लहान पोराला धरतात तसा. या वयात! लोक पाहत होते.

१७ एप्रिल, गुरुवार, सकाळ

झालं. आधी लिहून ठेवतो.

काल चंद्राची कोर लवकर बुडाली. साडेअकराला सुरुवात केली. हवा स्वच्छ, कोराडीकडची राखही काल दुसऱ्या दिशेला गेली असेल, कारण जयवंता म्हणाली, "आज चांदण्या चांगल्या आहेत." मला फारशा चांगल्या वाटल्या नाहीत. तारा फुलीवर आणला, फिल्मचं झाकण काढलं. दहा मिनिटं धरला. मग डोळ्यातून पाणी यायला लागलं. जागरणं काय कमी झाली? मी म्हटलं, दोन मिनिटं टेकतो, तू नुसती बघत राहा, चकतीला हात लावू नकोस.

खुर्चीत टेकलो. मध्ये एकदा डोळा उघडला तेव्हा ती वाकून लहान दुर्बिणीला डोळा लावून होती आणि दोन बोटं चकतीवर. श्वाससुद्धा घेत नव्हती. मी रागावलो, "चाळे नोको करू." तिने बोटं काढली नाहीत. नंतर "झाला तास" म्हणाली आणि झाकण लावलं. घड्याळात पाहिलं तर खरंच पंचावन्न मिनिटं झाली होती. दोन मिनिटं कशी लांबतात!

आणि आज सकाळी निगेटिव्ह ओली असतानाच तिने मला हाक मारली. पहिल्यांदाच. खिडकीत धरून म्हणाली, "पाहा."

मी पाहिलं. काळे दोन डाग दिसले. "पूल?" म्हटलं. तिने पेन्सिलीचं टोक हवेतच, निगेटिव्हला न लावता, एका डागापासून दुसऱ्यापर्यंत नेलं. "असा येते, अन् इथं वाकते." तिच्या बोटाबरोबर पाहिलं तेव्हा मलाही दिसला. मला वाटतं, दिसला.

मी शालिकराम गजभिये, इंदोरा, नागपूर. अंगणातून, राखेतून, पंचावन्न मिनिटं हाताने धरून पूल उतरवला. आता वकिलाचं तोंड बघायचं.

२० एप्रिल, रविवार

वकिलाचं तोंड बघितलं.

चित्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. सगळी डोकी त्यावर वाकली. मग मनोहररावांनी ते खिडकीजवळ नेलं, परत आणलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "गजभियेजी, वहिनी रिटचिंग करतात ना?"

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं.

"तसं नाही," ते म्हणाले, "पण मार्चमध्ये पूल नव्हता, एप्रिलमध्ये आला. दुर्बीण तीच, फिल्म तीच. निगेटिव्हवर पेन्सिलीचे चार ठिपके, अन् कागदावर पांढरा पूल. विचारतो फक्त."

वीस वर्षं मी लोकांना मूर्ख म्हणत आलो. आज वीस माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मला कोणाचाही चेहरा नीट दिसत नव्हता. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. चित्र उचलून बाहेर पडलो.

आता रात्र आहे, ती आत झोपली आहे, आणि माझ्या डोक्यात एकच किडा आहे. तिला ते येतं. तिच्याइतकं सफाईने नागपुरात कोणालाच येत नाही. तिने पेन्सिल हवेत नेली आणि पूल दिसला. पेन्सिल हवेतच होती का?

२२ एप्रिल, मंगळवार

आज प्रॅक्टिकल संपल्यावर प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. तिन्ही निगेटिव्ह बरोबर आणल्या होत्या, मार्चच्या दोन आणि एप्रिलची एक. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या आणि बाजूने तिरपा दिवा टाकला. पेन्सिल लावायची तर आधी निगेटिव्हला चिकट वार्निश चोळावं लागतं, आणि शिसं तिरप्या उजेडात चमकतं. हे मला तिच्याकडे बावीस वर्षं न बघता बघून माहीत आहे. डावा डोळा लावला, तो जरा बरा आहे.

एप्रिलची: काही नाही. वार्निश नाही, चमक नाही. दाणे नुसते, वाळूसारखे. पूल आहे की नाही हे मला कळलं नाही, पण हात लागलेला नाही एवढं नक्की कळलं.

मग सहज म्हणून मार्चची ठेवली. एका ताऱ्याशेजारी बारीक ओरखडे. दुसऱ्याशेजारीही. प्रत्येकच ताऱ्याच्या उजव्या बाजूला, कुंकवाच्या टिकलीइतक्या जागेत, सुरीच्या टोकाने फिल्मवरचा मसाला खरवडलेला. शेपट्या काढून टाकल्या होत्या. माझे गोल तारे! भिंतीवर लावलेले!

घरी आलो तेव्हा ती खिडकीशी काम करत होती. मी निगेटिव्ह तिच्या समोर टाकल्या. "हे काहून केलं?"

ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुमी दोन रात्री जागले. सकाळी तुमाले शेपट्या कशा दाखवू?"

"अन् एप्रिलची?"

"तिले हात नाही लावला. गरज नव्हती."

"काहून नव्हती?"

"तो तारा मी धरला होता ना जी."

मी खाटेवर बसलो. ती सांगत होती, खालच्या आवाजात, पोराला औषध पाजताना बोलतात तसं. वर्षभरापासून तिला माहीत आहे. म्हाताऱ्यांच्या निगेटिव्हमध्ये डोळ्याच्या बाहुलीत काळा डाग येतो, तोच मोतीबिंदू. ती तो रोज खरवडते, म्हणजे फोटोत डोळे काळेभोर येतात. मागल्या वर्षी माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राची निगेटिव्ह तिच्याच डब्यात आली होती.

"त्यातला पण काढला," म्हणाली. "तुमाले नव्हतं सांगतलं. तुमाले राग येते."

खिशातून ओळखपत्र काढून पाहिलं. डोळे गिधाडासारखे आहेत. बायकोने काढलेले.

२३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी पायऱ्या उतरताना चुन्याची रेघ पाहून पाय टाकला. मुंग्या!

२७ एप्रिल, रविवार

हे असं आहे. एप्रिलचं चित्र खरं आहे. पण मार्चचं खोटं आहे, ते मंडळाच्या भिंतीवर आहे आणि त्याखाली माझं नाव आहे. ते खोटं आहे असं सांगितलं तर एप्रिलचं कोण खरं मानील? न सांगितलं तर मी आजवर ज्यांना हसलो त्यांच्यातलाच एक. यमुताईंची गोधडी निदान उघड उघड फटीत होती.

पाच दिवस विचार केला, आज सभेत उभा राहिलो. म्हटलं, "मार्चचं चित्र उतरवा. त्यातल्या ताऱ्याईच्या शेपट्या खरवडल्या आहेत. मले माहीत नव्हतं, पण नाव माह्यं आहे." अपेक्षेप्रमाणे हसले. अपेक्षेपेक्षा जास्त हसले.

हसणं संपल्यावर मनोहररावांना म्हटलं, "पुढची अमावास्या चौदा मेची आहे. फिल्म तुमची. अंधारात तिच्या कोपऱ्यावर सुईनं तुमची खूण करा. माह्या अंगणात या, समोर बसा, झाकण लागलं की फिल्म घेऊन जा, अन् तुमच्या माणसाकडून धुऊन घ्या. आमच्या घरची पेन्सिल तिले लागणार नाही."

वकील माणूस, अटी ऐकल्या की हसायचं विसरतो. "मंजूर," म्हणाले.

१० मे, शनिवार

जयवंता म्हणते, ती बसणार नाही. "इतक्या लोकाईसमोर? तुमीच बसा. मी बाजूनं हळूच सांगत जाईन, तुमी चकती फिरवा." म्हणजे लोकांना दिसावं की मी धरतो आहे. हे सुद्धा रिटचिंगच, फक्त सुरीशिवाय. आणि खरं सांगतो, वही माझी आहे म्हणून: दोन दिवस मला ते पटलं होतं.

१५ मे, गुरुवार

काल रात्री मनोहरराव आले, बरोबर मंडळाचे चौघं. उकाडा असा की दगडी पायरी अजून तापलेली. त्यांनी येताच उत्तरेला कोराडीच्या उजेडाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तो जिथे आहे तिथेच राहील, तुम्ही तुमची फिल्म लावा.

सगळे मी बसायची वाट पाहू लागले. मी खुर्ची लहान दुर्बिणीखाली ओढली आणि जयवंताला म्हटलं, "बस वं."

ती मागे सरकली. मनोहरराव म्हणाले, "तुम्ही नाही बसत?"

"माह्या दोन्ही डोळ्याईत मोतीबिंदू आहे," मी म्हटलं. "मले तारा दिसत नाही. एप्रिलमध्येही हिनंच धरला होता. बावीस वर्षं नवरीच्या गालावर पेन्सिल टेकवते, श्वास न सोडता. तुमच्यापैकी कोणाले जमत असंन तर बसा."

कोणी बसलं नाही. भिंतीपलीकडून यमुताईंचा आवाज आला, "मी म्हटलंच होतं, डोळे जातीन!" ग्रहणाचं श्रेय त्या सोडणार नाहीत.

ती बसली. पदर खोचला, डोळा लावला. मी मोटरीची चावी दिली, झाकण काढलं आणि मिनिटं मोजू लागलो. तेवढंच काम माझ्याकडे होतं. दर पाच मिनिटांनी आकडा सांगायचा आणि ती "हं" म्हणायची. वकील पस्तीस मिनिटांनी जांभया देऊ लागले. ती हलली नाही. चाळिसाव्या मिनिटाला मोटर मागे पडली, मला आवाजावरून कळलं, मी "मागं पडली" म्हणेपर्यंत तिची बोटं फिरूनही गेली होती. मला तिचा अभिमान वाटला. हे वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली, आणि तेही वहीत, मी मरेपर्यंत कोणी वाचणार नाही तिथे.

साठ मिनिटांनी झाकण लावलं. मनोहररावांनी फिल्म काळ्या पाकिटात घातली. जाताना तिला म्हणाले, "बहिणजी, पाणी मिळेल का?" मला नाही विचारलं.

१८ मे, रविवार

सभा. मनोहररावांनी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. निगेटिव्हच्या कोपऱ्यावर त्यांची सुईची खूण. चित्र मोठं करून आणलं होतं, ते भिंतीला, मार्चचं उतरवून रिकाम्या झालेल्या खिळ्याला लावलं. मग वकिलाने तोंड वाकडं केलं असावं, दिसलं नाही, पण आवाज वाकडा होता. "पूल आहे," म्हणाले. "एप्रिलच्यापेक्षा स्पष्ट आहे. मी माझे शब्द मागे घेतो."

टाळ्या वाजल्या. ज्याचा चंद्र वाकडा येतो त्यानेही वाजवल्या. मनोहररावांनी मला हाताला धरून चित्राजवळ नेलं. "हा पहा, असा इथून निघतो अन् इथे लागतो." मी मान हलवली. "हो," म्हटलं. "सुंदर."

मला पूल दिसला नाही. नाकाला कागद लागेपर्यंत जवळ गेलो. एक पांढरा डाग होता, त्याच्याशेजारी दुसरा असावा. मधे काही नाही. तीन महिने ज्याच्यासाठी कोराडीला, डॉक्टरला, पेपरवाल्यांना आणि बायकोला शिव्या दिल्या, ते माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि मी वीस माणसांसमोर खोटं "सुंदर" म्हणून परत आलो.

घरी येऊन तिला सांगितलं. हसली नाही. "हिवाळ्यात काढतीन ना जी मोतीबिंदू, मंग पाहजा," म्हणाली. मी म्हटलं, हिवाळ्यात मरीची मध्यरात्रीनंतर उगवतो, तोवर कोण जगलं कोण मेलं. "मले आत्ता पाहायचा आहे वं."

तेव्हा तिने या वहीतलंच एक पान फाडलं, रिटचिंगची सगळ्यात जाड पेन्सिल घेतली आणि दिव्याखाली बसली. ती मनोहररावांनी परत दिलेली मेची निगेटिव्ह डाव्या हातात धरून पाहत होती आणि उजव्या हाताने काढत होती. ताटलीएवढी मोठी भोवऱ्यासारखी एक, वाटीएवढी दुसरी, आणि मोठीच्या कडेपासून सुटलेला एक हात, जाड, काळा, मधेच थोडा तुटल्यासारखा, वाकून लहानीच्या अंगावर टेकलेला. रेघेवर रेघ घालून तिने तो इतका काळा केला की आंधळ्यालाही दिसावा.

"तुटला आहे का मधे?" मी विचारलं.

"तिथं अंधार आहे," ती म्हणाली. "जसा आहे तसाच काढला. माह्याकडून काही नाही टाकलं."

कागद हातात धरून मी पाहिला. दिसला. पूर्ण दिसला.

तो या पानामागे खळीने चिकटवला आहे. मरीचीखालची दीर्घिका, तिची शेजारीण आणि मधला पूल, अंगणातून, नागपूर, १४ मे. तारा धरणारी जयवंता गजभिये. मिनिटं मोजणारा मी. तारेही काढले आहेत तिने कडेला, सहा, सगळे गोल. आणि अंगण वाकडं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो.